वहिनीच्या कार्डावर

वहिनीला कावीळ झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून हलायचं नाही असं बजावलं, तेव्हा भावाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "कामावर कळवलंस का?"

वहिनी गोळ्या-औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, कंत्राटावर. तिथे सलग चार खाडे झाले की जागा दुसऱ्याला देऊन टाकत. गेटबाहेर रोज सकाळी दहा-पंधरा बायका आशेने उभ्या असायच्याच. भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा, पण शाळेला सुट्टी लागली होती आणि सुट्टीत व्हॅन उभी म्हणजे पैसेही बंद. त्यातच पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार, पाण्याचे वेगळे, अशी घरमालकाची चिठ्ठी दाराखालून आत आली होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे ताई, भावाची थोरली बहीण. बावीस वर्षं तिने एका बाइंडिंगच्या कारखान्यात काढली. तो बंद पडला, पाठोपाठ खोलीही सोडावी लागली, आणि आठ महिन्यांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन या दोन खोल्यांत राहायला आली. तिला कुणी टाकून बोललं नव्हतं. पण ती बिनसाखरेचा चहा प्यायला लागली होती. विचारलं तर म्हणायची, "वय झालं, कमी केलेली बरी."

वहिनी उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "ताई, माझ्या जागी तुम्ही जा."

"मी? अगं, तुझ्या-माझ्या वयात बारा वर्षांचा फरक आहे."

"तिथे टोपी, मास्क, पायापर्यंत डगला. डोळे तेवढे दिसतात. आणि कार्डावरचा फोटो मलाच ओळखू येत नाही, तिथे वॉचमन काय ओळखणार?"

"आणि धरलं तर?"

"नाही गेलात तरी जागा जाणारच आहे."

भावाने मान वर केली नाही. ताईने कार्ड गळ्यात घातलं.

वॉचमनने कार्डाकडे पाहिलंही नाही, नुसता हात हलवला. तरी आत जाऊन डगला चढवेपर्यंत ताईच्या पाठीवर घामाची धार लागली होती. काम अवघड नव्हतं. समोरून पट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं सरकत यायची. दहा मोजायची, वर माहितीचा कागद ठेवायचा आणि खोका बंद करायचा. अवघड होतं ते गप्प राहणं. शेजारच्या बाईला तिने घशावर बोट ठेवून दाखवलं, की आवाज बसलाय.

तिसऱ्या दिवशी शेजारची बाई काम करता करता म्हणाली, "नणंदेचं काय झालं गं तुझ्या? मिळालं का कुठे काही?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे अजून घरीच. तुझीही कमाल आहे बाई. नवरा-बायकोला चार शब्द मोकळेपणाने बोलता येत नाहीत म्हणत होतीस." पट्ट्यावरून आणखी दहा पाकिटं सरकली. "वर ती इतकी राबते की तिला काही म्हणायचीही सोय नाही, असंही म्हणालीस. ते तर जास्तच वाईट."

ताईने खोका बंद केला, पुढचा उचलला. आधीच्या खोक्यात तिने नऊच पाकिटं भरली होती. चूक लक्षात आल्यावर तिने तो परत उघडला.

घरी गेल्यावर वहिनीने विचारलं, "कुणी काही बोललं का?"

"मास्कमधून काय ऐकू येतंय," ताई म्हणाली आणि तिच्यासाठी पेज करायला उठली.

दहाव्या दिवशी कागदाच्या घड्या घालणारं यंत्र अडकलं. माल दुपारी निघायचा होता. सुपरवायझर बाईंनी सहा जणींना बाजूला बसवून हाताने घड्या घालायला सांगितलं. ताईच्या हातात कागद आला आणि तिला भानच राहिलं नाही. गठ्ठा पंख्यासारखा पसरायचा, अंगठ्याचं नख फिरवायचं, कड कडेला लावायची. बावीस वर्षं हाताने हेच केलं होतं. बाकी पाच जणींच्या मिळून जेवढ्या घड्या झाल्या, त्याहून तिच्या एकटीच्या जास्त होत्या. तिने मान वर केली तेव्हा सुपरवायझर बाई समोर उभ्या होत्या.

"मास्क काढा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

ताईने मास्क काढला. 

"ती कोण तुमची?"

"भावजय. आजारी आहे हो. तिची जागा जाऊ नये म्हणून आले. चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते मला ठरवू द्या. तिची जागा आता राहत नाही." बाईंनी एक घडी उचलून उजेडात धरली. "तुम्हाला हवी असेल तर सोमवारी स्वतःच्या नावाने, स्वतःचे कागद घेऊन या. नको असेल तर गेटवर उभ्या आहेतच."

घराच्या जिन्यात ताई दोनदा थांबली. वहिनीपासून लपवावं असा विचार क्षणभर तिच्या मनात आला. पण आत जाऊन तिने सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

भाऊ लगेच म्हणाला, "मग घे की. पगार घरातच येणार ना?"

वहिनी भिंतीकडे वळली. ताई खाली फरशीवर बसली. 

"घ्या तुम्ही," वहिनी म्हणाली. "बाहेरच्या कुणाला मिळण्यापेक्षा बरं. पण मला वाईट वाटलंय, ते मी लपवणार नाही."

"लपवू नकोस. आणि मी इथे राहते त्याचंही वाईट वाटत असेल तर तेही मला सांग. तिथल्या बायकांना सांगण्यापेक्षा."

वहिनीने चमकून पाहिलं. तिच्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं. "वाईट वाटत नाही," ती म्हणाली, मग जरा थांबून, "कधी कधी वाटतं."

"मलाही वाटतं," ताई म्हणाली.

सोमवारी ताई स्वतःच्या नावाने कामावर लागली. वाढलेलं भाडं पहिल्या महिन्यात कसंबसं निघालं. वहिनी हिंडू-फिरू लागली तशी रोज संध्याकाळी विचारायची, "निघाली का एखादी जागा?" ताई चप्पल काढता काढताच मान हलवून नाही म्हणायची. दुसऱ्या पाळीत जागा निघाली तेव्हा ताईने धीर करून सुपरवायझर बाईंना विचारलं. त्यांनी रजिस्टरातून डोळे न काढता सांगितलं, "कार्ड दुसऱ्याला देणाऱ्यांना परत घेत नाही."

हेही ताईने घरी सांगितलं. वहिनी भाजी निवडत होती. तिने देठं गोळा करून कागदात गुंडाळली.

"पुलापलीकडे बिस्किटांची कंपनी आहे," ती म्हणाली. "उद्यापासून तिथल्या गेटवर उभी राहते. तुम्ही निघाल तेव्हाच निघेन."

सलग सहा दिवस ती रिकाम्या हाताने परत आली. सातव्या दिवशी तिला आत घेतलं, रोजंदारीवर, आठवड्यातून चार दिवस. पुढच्या आठवड्याचं काय ते शनिवारी सांगतो, असं तिथला मुकादम म्हणाला होता.