वाचा होती तोवर

चष्मेवाल्यांचा स्वभाव काटेकोर. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट जरा कलली तरी ते ती काढून घेत, चिमट्याने वाकवत, पुन्हा चढवून बघत. पण एका बाबतीत हा माणूस कमालीचा ढिला होता. आपल्यामागे घरादाराचं काय, हा विषय निघाला की ते तो हसण्यावारी नेत.

विषय काढायच्या त्या शेजारच्या वकीलबाई.

"छोटीला तुम्ही वाढवलंत, पण कायद्याने ती तुमची कोणीच नाही. दत्तकाचं राहिलं ते राहिलं, आता मृत्युपत्र तरी करा. आणि अंथरुणाला खिळलात तर तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे, तेही लिहून ठेवा."

"मला वर पाठवायची एवढी घाई? हल्ली अशिलं मिळत नाहीत वाटतं!"

छोटी ही त्यांच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. आईचं बोट धरून या घरात आली, तेव्हा दिवसभर दारामागून बाहेर यायला तयार नव्हती. पुढे आई गेली आणि बापलेक दोघंच उरली. काचा घासायला, नंबर तपासायला ती त्यांच्याच हाताखाली शिकली. वकीलबाईंवर तीही चिडायची. "काकू, असलं अभद्र बोलू नका ना!"

आणि एका सकाळी, चौकटीत काच बसवता बसवता, चष्मेवाले खुर्चीतच कलंडले. मेंदूला झटका आला होता. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं, डाव्या हातातही त्राण उरलं नाही आणि वाचा गेली. सगळी गेली असती तर एक वेळ बरं झालं असतं. एकच शब्द उरला होता, 'नको'. पाणी हवं असलं तरी तोंडातून 'नको'च बाहेर पडे. मान हलवावी तर ती भलतीकडेच वळे. समजत मात्र सगळं होतं. अगदी सगळं.

धाकटा भाऊ परगावाहून धावत आला. भाऊ वाईट नव्हता. रात्रंदिवस दवाखान्यात बसला, औषधांसाठी पळापळ केली. पण निर्णय त्याने परस्पर घेतला.

"दादाला मी माझ्याकडे नेतो. घर, दुकान विकून टाकू."

"काका, बाबांना इथेच राहू द्या," छोटी म्हणाली. "मी करते त्यांचं सगळं."

"करशील गं. पण सही कोणाची चालणार? सख्खा मीच आहे."

प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने नेमलेला अधिकारी डॉक्टरांना घेऊन खोलीत आला. खाटेशी वाकून त्याने मोठ्याने विचारलं, "ही तुमची मुलगी ना?"

चष्मेवाल्यांनी अंगातला सगळा जोर जिभेत आणला. "नको."

"तुम्हाला हिच्याजवळ राहायचंय?"

"नको! नको!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"साहेब, ते हो म्हणताहेत!" छोटी ओरडली.

अधिकारी चांगला माणूस होता. तो खाली बघत म्हणाला, "असतीलही, बाई. पण मी लिहू काय?"

ते गेल्यावर छोटीने दाराशी उभ्या असलेल्या वकीलबाईंचा हात घट्ट धरला. "काकू, कागद आणा. बाबांचा अंगठा घेऊ."

चष्मेवाल्यांनी डावा हात उचलायची धडपड केली. घ्या, लवकर घ्या! पण वकीलबाई हलल्या नाहीत.

"यांच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. पण कोर्टाला काय दाखवू? असा अंगठा टिकणार नाही, वर तुझ्यावरच फसवणुकीचा आळ येईल. मरणारा सुटतो गं. कागद लागतात ते मागे राहणाऱ्याला. एका दुपारचं काम होतं, आणि आपण सगळे हसत बसलो!"

'हसलो तो मी,' चष्मेवाल्यांच्या मनात आलं. 'पोरीला उघड्यावर टाकलं ते मी!' आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या बेफिकिरीची लाज वाटली. ती सांगायलाही आता शब्द नव्हता.

निकाल भावाच्या बाजूने लागला आणि तो चष्मेवाल्यांना आपल्या गावी घेऊन गेला. घर विकलं गेलं, दुकानाला दुसऱ्याची पाटी लागली. छोटी एका वसतिगृहात खाट घेऊन राहू लागली आणि परक्या दुकानात काचा घासू लागली. सुट्टी मिळेल तेव्हा ती बाबांना भेटायला येई, त्यांची दाढी करून देई, नखं कापी. मग नोकरीच्या पायी येणं लांबत गेलं.

एके दिवशी भावाच्या बैठकीच्या खोलीत कोणी वकील आला. साक्षीदार आले. दार उघडंच होतं.

"सगळं स्पष्ट लिहा," भाऊ सांगत होता. "बायकोला काय, मुलांना काय, मी आजारी पडलो तर कोणी बघायचं. दादाचे हाल रोज बघतोय ना! उद्या माझ्या माणसांवर ही वेळ यायला नको."

शेजारच्या खोलीत चष्मेवाले छताकडे बघत पडून होते. त्यांच्यामुळे एका घराला शहाणपण आलं होतं, पण ते घर छोटीचं नव्हतं.

वाचकहो, मृत्युपत्राचं नाव काढणाऱ्याला आपण अभद्र म्हणतो, आणि आपल्यावर विसंबलेल्या जिवाला वाऱ्यावर सोडतो. मायेने वाढवलेलं लेकरू कायद्याला दिसत नाही. ते आपल्यालाच दाखवून द्यावं लागतं, सही करणारा हात आणि बोलणारी जीभ शाबूत आहे तोवरच!