दोन पदरी तार

वैमानिक पेनरोज लढाऊ विमानातून उतरला आणि कुणाशी न बोलता गवतात जाऊन बसला. ऑर्मरॉड रोजच्यासारखा पंखावर चढून कॉकपिटमध्ये वाकला. तो इंजिन सांभाळणारा फिटर; त्याची नजर आधी जाते ती थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवायच्या दांड्याकडे. तिथली तार चांगलीच वाकली होती, पण तुटली नव्हती.

उंचावर हवा विरळ असते. ती दाबून इंजिनात कोंबायचं काम सुपरचार्जरचं. दांडा एका खाचेपर्यंतच न्यायचा असा नियम. त्यापलीकडे ढकलला की सुपरचार्जर आणखी हवा कोंबतो आणि विमान पाच मिनिटं पिसाटासारखं पळतं. इंजिनाचं मात्र त्यात वाटोळं होऊ शकतं, म्हणून खाचेवर तांब्याची केसाएवढी तार बांधलेली. जिवावर बेतलं तर बेलाशक तोडा, पण खाली आल्यावर फिटरला सांगा. मग फिटरने ऑईलचा फिल्टर काढून धातूचा कीस आलाय का ते बघायचं आणि त्या दिवशीच्या जेवणावर पाणी सोडायचं.

आठवड्याभरात पेनरोजने ती चारदा तोडली होती. एकदा शत्रूपुढे. उरलेल्या तीन वेळा परत येताना लोअरीशी शर्यत लावून. लोअरी म्हणजे त्याचा जोडीदार, एकोणीस वर्षांचा, दोघंही सारखेच उनाड. चौथ्या खेपेला ऑर्मरॉडचं डोकं फिरलं. ओल्डहॅम गावच्या कापडगिरणीत वाढलेला तिरसट माणूस तो. त्याने तांब्याऐवजी बोल्ट बांधायची पोलादी तार घेतली, दोन पदर पक्कडीने मुरगळले आणि खाचेवर बांधले. विमानाचा सांगाडा सांभाळणारा बेडोज शेजारीच होता.

"आता तोड म्हणावं," बेडोज हसत म्हणाला होता. "हाताला फोड आले की शहाणा होईल."

ही कालची गोष्ट. आज ते हसणं आठवून दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

"लोअरी कुठाय?" ऑर्मरॉडने विचारलं.

"पडला. समुद्रात," बेडोज खालच्या आवाजात म्हणाला. "हवाई छत्री उघडली नाही. रेडिओच्या खोलीतल्या पोरी आत्ताच सांगत होत्या." मग तो जवळ सरकला. "काप ती तार. तांब्याची बांध. माझ्या तोंडून काही जायचं नाही."

ऑर्मरॉडने तार कापली. तळहातावर घेऊन बघितली. दोन पदरांपैकी एक तुटला होता. दुसरा ताणून ताणून दोऱ्यासारखा बारीक झाला होता. आणखी एक धक्का, तोही लहानसा, आणि ती गेली असती.

गवतात अहवाल लिहिणारा अधिकारी पेनरोजजवळ उकिडवा बसला होता.

"शत्रूची दोन विमानं लोअरीच्या मागे लागली होती," पेनरोज सांगत होता. "मी चारशे यार्डांवर होतो. खाचेपलीकडे ढकललं असतं तर पोचलो असतो."

"मग?"

"हात पुढे गेला आणि थांबला. अंगात जोरच राहिला नाही. मी घाबरलो. तसंच लिहा. त्याच्या आईला मी स्वतः कळवतो."

अधिकाऱ्याची पेन्सिल थबकली, मग चालू लागली. ऑर्मरॉडला ते ऐकवेना. लष्करी कोर्टासमोर उभं राहावं लागेल, हुद्द्याच्या पट्ट्या जातील, कदाचित तुरुंगही, हे सगळं त्याला दिसत होतं. आणि हा माणूस उद्यापासून विमानात बसणार नाही, बसला तर परत येणार नाही, हेही दिसत होतं. तो चालत गेला आणि तार पेनरोजच्या हातात ठेवली.

"पोलादी आहे, साहेब. दोन पदरी. तुम्ही सारखी तोडता म्हणून रागाने मी बांधली. तुम्हाला सांगितलं नाही."

आता थोबाडीत बसणार म्हणून तो ताठ उभा राहिला. पण पेनरोजचा चेहरा सैल पडला.

"म्हणजे मी ढकललं होतं," तो म्हणाला. "मी ढकललं होतं ना रे?" आणि त्याने चक्क ऑर्मरॉडचा हात धरला, उपकार झाल्यासारखा. लोअरी मेल्याच्या बातमीने बसला नव्हता एवढा हादरा ऑर्मरॉडला त्या हाताने बसला. शिव्या चालल्या असत्या, हे सोसवेना.

मग पेनरोजने तार डोळ्यांजवळ नेली.

"यातला एक पदर तुटलाय," तो सावकाश म्हणाला. "खरं सांग, ऑर्मरॉड. दुसऱ्याला आणखी किती जोर लागला असता?"

अधिकारीही वर बघू लागला. ऑर्मरॉडने एकदा त्या बारीक झालेल्या पदराकडे बघितलं.

"हाताने जमलंच नसतं, साहेब," तो म्हणाला. "कितीही ढकललं असतं तरी ती तुटली नसती."

अधिकाऱ्याने वहीचं पान उलटलं आणि नव्या पानावर लिहून घ्यायला ऑर्मरॉडचं पूर्ण नाव विचारलं.