चष्मेवाल्यांची शिकवणी

चष्मेवाल्यांनी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला दारू प्यायला स्वतः शिकवलं, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. दुकानात फ्रेम निवडत बसलेल्या प्रत्येकाला ते हा पराक्रम ऐकवत. "बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात माझ्यासमोर पिऊ दे. सवय झाली की चढत नाही." गिऱ्हाईक बिचारं नाकावर रिकामी फ्रेम घेऊन मान डोलवायचं. दुसरं काय करणार, काचा अजून यांच्या हातात होत्या.

बायकोने पहिल्याच दिवशी विरोध केला होता. "अहो, त्याला अजून धड मिसरूड फुटलेलं नाही. अंगाने वाढतोय, डोक्याने वाढतोय, आणि तुम्ही त्यात हे ओतताय?" चष्मेवाले हसले. बायको मागासलेली आहे हे त्यांनी लग्नानंतर आठवडाभरातच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे नव्याने विचार करायची गरज नव्हती. दर शनिवारी चिरंजीवांच्या पेल्यात थोडी ओतायची आणि वर ज्ञान पाजायचं. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. कुणाला जास्त झाली तर झोपू द्यायचं. उगाच गाजावाजा करायचा नाही. पोरगं कान टवकारून ऐकायचं. बापाला त्याच्यासाठी एवढी फुरसत याआधी कधी मिळालीच नव्हती.

परीक्षा संपली त्या दुपारी चिरंजीवांनी खालच्या मजल्यावरच्या मित्राला वर बोलावलं. आई कामावर, बाप दुकानात आणि बाटली बिनकुलपाच्या कपाटात. मित्र हा शिवणकाम करणाऱ्या काकूंचा एकुलता एक मुलगा. त्याने आजवर थेंबही चाखला नव्हता, त्यामुळे चिरंजीव आपोआपच गुरू झाले. गुरूसारखं प्यायचं म्हणून शिष्याने पेल्यामागे पेला रिचवला. गुरू बसून राहिले आणि शिष्य जमिनीवर आडवा झाला.

फोन आला तेव्हा चष्मेवाले एका बाईंच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजत होते. यात मिलिमीटरभर चूक झाली तरी माणसाचं डोकं दुखतं, म्हणून ते तीन-तीनदा मोजत.

"बाबा, तो उठत नाहीये. हलवलं तरी नाही."

"किती घेतली?"

"अर्धी बाटली तरी असेल. भराभर प्यायला."

"झोपू दे त्याला. आणि कुणाला सांगू नकोस, त्याच्या आईला तर मुळीच नाही. नसता बोभाटा होईल."

इथे काही मोजायची गरज त्यांना वाटली नाही. उंटावरून शेळ्या हाकून झाल्या, तसा त्यांनी फोन ठेवला आणि बाईंना विचारलं, "सोनेरी घेताय की काळी?"

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. आता मुलाचा आवाज फाटला होता. "बाबा, त्याला उलटी झालीय. उताणा पडलाय आणि घशातून कसला तरी आवाज येतोय. मधेच बंद होतो."

"घोरतोय रे तो. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. मी आलोच."

आलोच म्हणाले आणि सोनेरी फ्रेमच्या दांड्या वाकवत बसले. मनातून ते घाबरले होते, नाही असं नाही. पण भीती चारचौघांत नाव जाईल याची होती. तिकडे दुसऱ्याचं पोर गुदमरत होतं.

मित्राचे ओठ निळे पडू लागले तेव्हा मुलाने बापाचं ऐकणं सोडलं आणि तो धावत खाली गेला. काकू गळ्यात टेप तशीच ठेवून मशीनवरून उठल्या. वर येऊन त्यांनी लेकाला कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून घाण काढली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. त्यांना कुणी शनिवारचे धडे दिले नव्हते.

बातमी कळली तसे चष्मेवाले दुकानातून परस्पर रुग्णालयात पोहोचले. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, बेशुद्ध होऊन किती वेळ झाला?

"आत्ताच, दहा-पंधरा मिनिटं," चष्मेवाल्यांनी घाईने तोंड घातलं.

"दीड तास," मुलगा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पुढचे सगळे प्रश्न मुलालाच विचारले. मग दार बंद झालं आणि तिघं बाकावर बसून राहिले. काकू गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जीव वाचेल. उलटी फुप्फुसात गेली होती, त्यामुळे सध्या श्वास नळीने चालू ठेवलाय. पण बराच वेळ मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळालेला नाही. त्याचा किती परिणाम झालाय, ते तो जागा झाल्यावरच कळेल."

चष्मेवाल्यांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जीभही लगेच सैल झाली. "चला, सुटलो एकदाचे. पोरं अशीच शिकतात."

"मी आधीच शिकलो होतो, बाबा," मुलगा खाली बघत म्हणाला. "म्हणून तर ॲम्ब्युलन्सच्या आधी तुम्हाला फोन केला."

काकूंचा हात थांबला. त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"बाबांना फोन केला होतास? कधी?"

"पहिला की दुसरा?" मुलाने विचारलं.