मांडीखाली दाबलेले हात

"हात मांडीखाली दाबून बस. अगदी शेवटपर्यंत," शेजारच्या टेबलावरची वरदा कुजबुजली. "गेल्या वर्षीचा शेरा आठवतोय ना?"

इनेसला तो पाठ होता : 'कामात चोख, स्वभावाने अंमळ भडक.' ती वाढली होती बोलिव्हियाच्या थंड पठारावर, जिथे माणसे शब्दही जपून खर्चतात. पण ग्लासगोतल्या या पूल बांधणाऱ्या कंपनीने तिचे स्पॅनिश नाव वाचताच तिच्या रक्तात मिरची आणि कमरेत नाच असल्याचे परस्पर ठरवून टाकले. साल्सा येत नाही, हे तिचे म्हणणे दर नाताळला विनोद म्हणून खपे. गेल्या वर्षी एका पुलाच्या गणितातली चूक तिने दोनदा शांतपणे दाखवली. कोणी वर पाहिले नाही. तिसऱ्यांदा हात उडवले. चूक दुरुस्त झाली. नोंद मात्र हातांची झाली.

आज वरिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी तिसरी मुलाखत. चाळीस मिनिटे ती एका सुरात बोलली. हात शेवटपर्यंत मांडीखालीच होते.

ती शेवटची उमेदवार. दहाच मिनिटांत विभागप्रमुख एलिझाबेथ बाहेर आली.

"उत्तरं अचूक होती गं. पण आज तू थंड वाटलीस. तुझा तो जोश कुठे गेला? मिहीरने बघ, त्याच्या मुलाखतीत टेबलावर मूठ आपटून मुद्दा मांडला. लीडर वाटला. पद त्यालाच देतोय."

"म्हणजे जोश हवा होता?"

"हो. मोजका."

"आणि गेल्या वर्षीचा?"

"तो जरा जास्त झाला होता." एलिझाबेथ प्रेमाने हसली. "बरं, गुरुवारी शाळेची मुलं येताहेत. पूल कसा उभा राहतो ते तूच सांग हं. तुझ्या त्या हातवाऱ्यांनी. मजा येते मुलांना."

इनेस जागेवर परतली.

"काय झालं?" वरदाने विचारले.

इनेसने तळवे पुढे केले. खुर्चीच्या जाळीची नक्षी त्यांवर लालभडक उमटली होती. वरदाने मान खाली घातली.

टेबलावर मिहीरचा नवा आराखडा तपासणीसाठी येऊन पडला होता. त्याचे आराखडे नेहमी तीच तपासे. इनेसने लाल पेन्सिल उचलली. तिसऱ्या खांबापाशी थांबली, आकडे पुन्हा मांडले आणि चुकलेल्या आकड्याभोवती एक छोटे, नेटके वर्तुळ काढले. खाली 'तपासले'च्या चौकटीत पूर्ण नाव लिहिले.

हात जराही हलला नाही.