कोंडाजींनी घेतलेली शोधयंत्राची परीक्षा

कासार आंबोलीचे कोंडाजी हे गावातील वजनदार गृहस्थ. ग्रामसभेत त्यांची खुर्ची मांडल्याखेरीज सभेस प्रारंभ होत नसे. अशा पुरुषास नियतीने सन दोन हजार सातच्या माघ महिन्यात मूळव्याध दिली. मानवी देहात व्याधीस मुक्कामाजोगी पुष्कळ स्थळे असताना तिने नेमके खुर्चीशी संबंध असलेलेच स्थळ निवडावे, हा कोंडाजींस उघड अन्याय वाटला.

दुखण्याचे भय त्यांना नव्हते. भय होते नावाचे. गावात टोपणनाव एकदा चिकटले की तीन पिढ्या सुटत नाही. भिवाजीचा आजा एकदा परक्याच्या लग्नमांडवात झोपी गेला आणि थट्टेखोरांनी त्याच्या कपाळास मुंडावळ्या बांधल्या. तेव्हापासून त्या घराण्यास ‘नवरदेव’ म्हणतात. भिवाजीचे दात पडले, त्याला नातवंडे झाली, तरी तो नवरदेवच राहिला. लग्नपत्रिकेतही ते नाव छापावे लागते, अन्यथा पाहुण्यांस घर सापडत नाही. कोंडाजींच्या मुलाचे, रोहितचे, लग्न वैशाखात ठरले होते. त्याच्या पत्रिकेत आडनावाच्या शेजारी काय छापले जाईल, या चिंतेने त्यांची झोप उडाली होती.

गावात नावे ठेवण्याची कला गेणबाच्या घराण्यात वडिलोपार्जित होती, आणि पौडच्या डॉक्टरांचा कंपाउंडर हा गेणबाचा सख्खा मेहुणा. तो मार्ग बंद. पत्नी तुळजाबाईंस सांगावे, तर त्या औषध विचारण्यास शेजारच्या साळूबाईकडे जाणार, आणि मग देवळावरील भोंग्यास काही काम उरले नसते. पुण्यास जावे, तर एसटीत तासभर बसावे लागे. आणि बसणे हाच तर मूळ मुद्दा होता.

माडीवरच्या खोलीत अमोघ नावाचा भाडेकरू राहत असे. मूळचा नांदेडकडचा, बावधनच्या एका कचेरीत संगणकावर काम करणारा. इंटरनेटवर विचारले तर कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मिळते, असे तो बोलता बोलता म्हणाला. कोंडाजींनी सुपारी कातरीत, जणू गंमत म्हणून विचारले, की समजा एखाद्याने तेथे काही खासगी विचारले, तर ते यंत्र बाहेर बोलते काय. अमोघ गंभीर झाला. प्रत्येक प्रश्नाची नोंद राहते, तो कोणत्या संगणकावरून आला हेही राहते, असे त्याने सांगितले. गेल्याच वर्षी परदेशात एका कंपनीकडून लाखो लोकांचे प्रश्न उघड्यावर आले, आणि नावे काढून टाकलेली असूनही निव्वळ प्रश्नांवरून काही माणसे ओळखू आली. म्हणून सर्च इंजिन निवडताना ते आपली नोंद किती दिवस ठेवते, हे पाहून निवडावे. त्याने तीन नावे कागदावर लिहून दिली आणि तिघांचे नियम वाचून दाखवण्याची तयारी दर्शविली.

“नियम काय वाचायचं?” कोंडाजी म्हणाले. “सोसायटीच्या भितीवर बी नियम लिवलेत. तोंड कसं हाय ते बघाय पायजे.”

“काका, त्याला तोंड नसतं.”

“मग सांगतंय कशानं?”



तोंड पारखण्याची कोंडाजींची रीत अनुभवाने सिद्ध झालेली होती. पूर्वी आपल्या तीन मेहुण्यांपैकी घरच्या गोष्टी कोण फोडतो, हे शोधण्यासाठी त्यांनी तिघांस तीन निरनिराळ्या थापा मारल्या होत्या. जी थाप गावातून फिरून परत आली, तिचा मेहुणा दोषी ठरला. तोच न्याय यंत्रांस लावण्याचे त्यांनी ठरविले.

अमोघच्या संगणकावर ही परीक्षा घेणे योग्य नव्हते. म्हणून ते पौडला शैलेशच्या सायबर कॅफेत गेले. तेथे प्लायवुडचे उभे पडदे लावून संगणकांच्या खोल्या केल्या होत्या. बसलेल्या माणसास शेजारचा दिसत नसे. कोंडाजी खुर्चीवर एका कुशीने टेकले आणि एका बोटाने इंग्रजी अक्षरांतून मराठी मजकूर लिहू लागले. लिहिताना अक्षर न् अक्षर खणखणीत उच्चारायचे आणि शेवटी सगळे वाक्य म्हणायचे, ही शाळेतील गुरुजींची शिस्त त्यांनी चाळीस वर्षांत मोडली नव्हती. पहिल्या यंत्रास त्यांनी कळविले, की कोंडाजी नदीकाठचे शेत विकणार. दुसऱ्यास कळविले, की कोंडाजी सरपंचपदास उभे राहणार. तिसऱ्याच्या वेळी रस्त्यावरून वरात चालली होती आणि बँडने असा काही कहर मांडला होता, की त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना. तरीही त्यांनी निष्ठेने लिहिले, की कोंडाजी देवळाच्या कळसास सोन्याचा मुलामा देणार. अशी बातमी फुटली तर ती गावात दडून राहणेच अशक्य होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जीपा येऊन नदीकाठी उभ्या राहिल्या आणि पांढऱ्या बुटांचे दलाल शेत पावलांनी मोजू लागले. तुळजाबाईंनी भाकरी वाढली, परंतु शब्द वाढला नाही. दुपारी विद्यमान सरपंच शरदचंद्र आले, दोन कप चहा प्याले आणि या खेपेस माघार घ्यावी म्हणून गळ घालून गेले. कळसाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. आठ दिवस गेले. देवळाचा पुजारी रोज भेटे आणि केवळ नारळांच्या भावाविषयी बोले.

निकाल लागला. पहिली दोन यंत्रे पोटात काही न ठेवणारी, तिसरे पोक्त. कोंडाजींनी अमोघलाही तसे सुचविले. अमोघने दरम्यान तिघांचे नियम वाचले होते आणि त्याच्या मते तिसऱ्याचेच नियम सर्वांत सैल होते.

“वाचून कुटं अक्कल येती का?” कोंडाजी म्हणाले. “तिसरं घरंदाज हाय. डोळं झाकून वापर.”

पुढच्या मंगळवारी भर दुपारी ते पुन्हा कॅफेत गेले. रस्ता निर्मनुष्य होता आणि शैलेश टेबलावर डोके ठेवून घोरत होता. त्या दिवशी कुशीवर टेकणेही अशक्य झाल्याने कोंडाजी उभेच राहिले. त्यांनी तिसरे यंत्र उघडले आणि निःशंक मनाने एकेक अक्षर म्हणत लिहिले. शेवटी गुरुजींच्या शिस्तीप्रमाणे सबंध उच्चारले, “मूळव्याध. उपाय.”

“कोंडाजी, हळू बोल,” प्लायवुडच्या पलीकडून आवाज आला. “शैलेश जागा व्हईल.”

प्लायवुडच्या पडद्यावरून गेणबाचे मस्तक उगवले.

कोंडाजींच्या डोळ्यांपुढे रोहितची लग्नपत्रिका संपूर्ण छापून आली. त्यांनी विचारले, “तू हितं काय करतुयास?”

कोंडाजींनी टाचा उंचावून पलीकडे पाहिले. गेणबाही उभाच होता. त्याची खुर्ची दूर भिंतीशी सरकवलेली होती आणि संगणकावर ‘मूळ’ इतकेच इंग्रजी अक्षरांत कसेबसे उमटले होते.

“पंधरा दिस झालं येतुया,” गेणबा खाली मान घालून म्हणाला. “फुडची अक्षरं जुळत न्हाईत. शैलेशला इचारावं तर कसं इचारायचं?”

“मेव्हना हाय की तुजा, डॉक्टरकडं.”

“त्यो गावभर करील. माजाच मेव्हना त्यो.”

आता कोंडाजींच्या मनात सर्व उलगडा होऊ लागला. शेताची आणि सरपंचकीची वार्ता तूच पसरविलीस काय, असे त्यांनी दरडावून विचारले. गेणबाने कबूल केले. मग कळसाची का नाही पसरविलीस, असे विचारता, तो गोंधळून म्हणाला, की कसला कळस, त्या वरातीपायी नंतरचे काही ऐकूच आले नाही.

इतक्या शास्त्रशुद्ध परीक्षेची अशी वासलात लागलेली पाहून कोंडाजींस क्षणभर खेद झाला. परंतु लगेच त्यांच्या ध्यानी आले, की नावे ठेवणाराच असा उभ्याने हाती सापडला असता रोहितच्या पत्रिकेस कसलाही धोका उरला नाही. गेणबानेही तेवढ्यात तोच हिशेब केला असावा, कारण दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला.

“जवाब आला का?” गेणबाने विचारले. “आला आसंल तर वाच की. मगाशी सवाल वाचलास तसाच, पर हळू.”

उत्तर सुदैवाने मराठीत होते. कोंडाजी कुजबुजत वाचू लागले. पाणी भरपूर प्यावे, पालेभाज्या व फळे खावीत, जोर करू नये, कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसावे, रक्त पडत असल्यास डॉक्टरांस दाखवावे.

“आमच्यात टब कुटंय?” गेणबा चिंतेने म्हणाला.

“आमच्यात थोरलं घंगाळ हाय. बाजारच्या दिशी तुळजा घरात नस्ती. मागल्या दारानं ये.”

गेणबाने संकोचाने विचारले, “पाळीनं बसायचं का कसं?”

“पाळीनंच,” कोंडाजी म्हणाले. “आन् पानी ज्येचं त्येनं तापवायचं.”