खालच्या गल्लीचं पाणी

चावीवाल्याचं काम तसं बिनबोभाट. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा. वेळ झाली की तो बंद करून खालच्या गल्लीचा. वरच्या गल्लीतले लोक त्याच्या खिशात चिरीमिरी सरकवत आणि तो बंद करायला उशीर करी. तोवर टाकीने तळ गाठलेला असे. थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाचं काय बिघडतं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

खालच्या गल्लीत त्याची थोरली बहीण राहत असे. पाइप जुना आहे, कुठेतरी गळतोय, असं त्यानेच तिला सांगितलेलं. ती शेजारणींशी भांडून त्याची बाजू घेई.

एका दुपारी ताई त्याच्या घरी आली. दम खात खुर्चीत टेकली आणि रुमालाची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. गल्लीतल्या बायकांनी वर्गणी काढली होती. तुझ्या ऑफिसात कोणीतरी खाणारा असणार, त्याच्या तोंडावर हे मार, असं तिचं म्हणणं. सुनेचे दिवस भरत आले होते. तिला बादल्या घेऊन लांबच्या नळावर पाठवायला ताईचा जीव धजत नव्हता.

"माझा भाऊ खात्यात आहे म्हणून सगळ्यांनी माझ्या हातात दिलेत," ती म्हणाली. "नाव सांगू नकोस हवं तर. पोचते कर म्हणजे झालं."

पैसे ठेवून घ्यायचे, चार दिवसांनी परत करून साहेब भला निघाला म्हणायचं, किती सोपं होतं. पण ताई त्याच्याकडे इतक्या भरवशाने पाहत होती की त्याला ते जमेना.

"पोचले, ताई. खाणारा मीच आहे."

ज्याला कडेवर घेऊन वाढवलं त्याच्याकडे तिने नीट पाहिलं. मग रुमालाला पुन्हा गाठ मारली.

"शेजारणींना मी नाही सांगणार. मेल्या, तूच ये नि सांग."

दुसऱ्या सकाळी त्याने वरचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, काय राव, भाव वाढला का? खालचा व्हॉल्व्ह उघडून तो खाली उतरला.

गल्लीत नळ धो धो वाहत होते. बायकांची झुंबड उडाली होती. मला काही सांगायचंय, असं तो दोनदा म्हणाला. ऐकायला सवड कोणाला?

"आधी भरून होऊ दे," ताई म्हणाली आणि भरलेली बादली त्याच्या हातात दिली. "सुनेकडे ने. वरच्या मजल्यावर."

तो जिना चढला. खाली यायचं होतंच, आणि सगळ्या तिथेच असणार होत्या.