सुतळीनं बांधलेली मशीन

मी एक जुनी गवत कापायची मशीन आहे आणि मला भयंकर राग आला आहे. आपली गोष्ट सांगताना आधी जन्म सांगायचा, मग कष्ट सांगायचे आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, अशी रीत आहे हे मला माहीत आहे. जन्म आणि कष्ट मीही सांगणार आहे, मित्रांनो. पण गेला आठवडाभर या वसाहतीतली पोरं शेडच्या खिडकीला नाक लावून मला बघतात आणि "बोटं खाणारी मशीन! बोटं खाणारी मशीन!" असं ओरडत पळत सुटतात. डोंबलाची बोटं खाते मी! मी गवत कापते. वीस-बावीस उन्हाळे गवतच कापत आले. त्यामुळे आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. चार चाकं, पत्र्याचं कवच, वर पेट्रोलचं इंजिन आणि पोटाखाली आडवं फिरणारं पातं, एवढाच माझा संसार. पण माझ्या अंगातला सगळ्यात शहाणा भाग वेगळाच आहे. हँडलला लागून एक वाकडी सळई असते. ती हँडलशी दाबून धरली तरच मी चालते. सोडली की इंजिन बंद होतं आणि दोन-चार श्वासांत पातंही थांबतं. माणूस घसरला, घाबरला, पडला, तर त्याचा हात आपोआप सुटतो आणि मी थांबते. ज्यानं ही सळई बसवली त्याला माणसांची चांगली पारख असणार. फक्त सुतळीचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या कडेला, कालव्याच्या अलीकडे, आमची बागांची वसाहत आहे. प्रत्येकाला भाड्यानं एक तुकडा, त्यावर एक लाकडी खोपटं, थोडं गवत, थोडी भाजी. मला इथे आणलं विबकेबाई हार्म्स यांनी. तेव्हा त्या कॉफी भाजण्याच्या कारखान्यात कामाला होत्या आणि त्यांच्या एप्रनला सतत तो वास यायचा. मला आणल्या आणल्या त्या पायरीवर बसल्या आणि माझी माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. त्यांचे यजमान हसायला लागले.

"अगं, गवत कापायचंय. विमान उडवायचं नाहीये."

"विमानाचं पातं पायाच्या इतकं जवळ नसतं," बाई म्हणाल्या. "तू गप बस आणि बूट घाल."

मित्रांनो, त्या बाईंच्या हाताखाली काम करणं म्हणजे सुख होतं. मला सुरू करण्याआधी त्या अख्ख्या गवतातून चालत फिरायच्या. दगड, काटक्या, शेजारच्या कुत्र्यानं पुरलेलं हाड, सगळं उचलायच्या, कारण माझ्या पात्याला लागलेला दगड गोळीसारखा सुटतो. मुलं असली तर त्यांना कुंपणापलीकडे पिटाळायच्या. इंजिन थंड असताना, बाहेर फरसबंदीवर उभी करून, मला पेट्रोल पाजायच्या. तेलाची काडी बाहेर काढून पुसायच्या, पुन्हा बुडवून बघायच्या. गवत ओलं असलं तर सरळ आत जाऊन कॉफी प्यायच्या. आणि पोटाखाली गवत तुंबलं तर सळई सोडायच्या, पातं थांबेपर्यंत उभ्या राहायच्या, स्पार्क प्लगची टोपी काढायच्या आणि मगच एका लाकडी काठीनं गवत उकरायच्या. हातानं कधीच नाही! यजमान गेले, मुलगी आन्के लग्न होऊन शहरात राहायला गेली, पण बाईंची ही पद्धत बदलली नाही. हिवाळ्याआधी त्या माझं पातं पुसून तेल लावून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झोप आता. खूप केलंस." ते ऐकून मला किती बरं वाटायचं!

या वसंतात बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या कुबडीवर आल्या आणि गवत गुडघ्यापर्यंत आलं. आमच्या वसाहतीत गवत वाढू देणं म्हणजे चारचौघांत विजार न घालता फिरण्यासारखं आहे. शेजारचा पाल्के वसाहतीच्या समितीत आहे. त्याचं कुंपण फूटपट्टी लावून कापलेलं असतं. तो कुंपणावरून बाईंना म्हणाला, "फ्राउ हार्म्स, एकदा सांगून झालंय. रविवारच्या पाहणीत असंच दिसलं, तर जागा सोडावी लागेल. माझ्या मनात काही नाही, पण नियम म्हणजे नियम."

बाई त्या दिवशी लाल करंटच्या, म्हणजे आंबट लाल मण्यांसारख्या फळांच्या, झुडपापाशी कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. ते झुडूप यजमानांनी लावलेलं. ही जागा गेली तर त्या राहत्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, बसून राहणार होत्या. त्यांनी जावयाला फोन केला.

जावई म्हणजे फोल्कर्ट. माणूस वाईट नाही, हे मी रागातही सांगते. त्याचं केस कापायचं दुकान आहे आणि हात असा हलका की म्हाताऱ्या बायका त्याच्या खुर्चीत डुलक्या घेतात, असं बाईच सांगायच्या. पण घाई! "उद्या नक्की येतो, ओमा," असं तो रोज म्हणाला. त्याच्या मुलांमुळे तोही त्यांना ओमाच म्हणतो, म्हणजे आजी. उद्या-उद्या करता शनिवार उजाडला. रविवारी तर यंत्र चालवायला बंदीच. आणि शनिवारीही दुपारी एक ते तीन शांततेची वेळ. त्या वेळात इथे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. फोल्कर्ट बाराच्या पुढे उगवला. गळ्यात फुटबॉल संघाचा हिरवा-पांढरा मफलर, पायात चपला. आल्या आल्या त्यानं इकडच्या पद्धतीनं नमस्कार घातला.

"मोइन, ओमा! कुठाय तुझी म्हातारी?"

"म्हातारी मी आहे. मशीन शेडमध्ये आहे. आणि पायात काय घातलंयस हे?"

"चपला. हवा लागते पायाला."

"गवत चिंब ओलं आहे, फोल्कर्ट. शेडमध्ये सासऱ्यांचे बूट आहेत, ते घाल. नाहीतर थांब जरा. उन्हात वाळू दे, तीननंतर कर."

"तीनला मी स्टेडियमच्या दारात असणार. तिकीट काढलंय. आत्ता एकच्या आत उरकतो बघ!"

बाईंनी गवताकडे बघितलं, कुंपणाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं बाबा. पण सांभाळून." आणि बटाट्याचं सॅलड करायला आत गेल्या.

त्यानं गवतातून एक फेरी मारली नाही. तेलाची काडी बघितली नाही. शेडच्या आतच मला पेट्रोल पाजलं, निम्मं माझ्या अंगावर सांडलं. मग माझी उंची सगळ्यात खाली केली, म्हणजे गुडघाभर ओलं गवत एकदम बुडापासून कापायचं. कपाळ माझं! दोन पावलं गेलो की माझा घसा भरायचा. गवत खेचायला त्यानं हात सोडला की सळई सुटायची आणि मी थांबायची. मग पुन्हा खेचदोरी ओढा, पुन्हा सुरू करा. त्याचा खांदा दुखायला लागला. त्यानं घड्याळ बघितलं आणि मला लाथ घातली.

"दर वेळी बंद पडते ही बया!"

बंद पडत नव्हते रे शहाण्या, थांबत होते! तुझ्यासाठी थांबत होते!

पण माझं ऐकतो कोण? टोमॅटोच्या रोपांना बांधायची सुतळी तिथेच खांबाला लटकत होती. त्यानं ती घेतली आणि माझी सळई हँडलला करकचून बांधून टाकली. चार वेढे आणि वर गाठ. मित्रांनो, त्या क्षणापासून मला थांबता येईना. हात सोडला तरी मी चालतच राहिले. पळणाऱ्या घोड्याचा लगाम तोडावा तसं त्यानं केलं आणि वर हसून म्हणाला, "आता कसं!"

तेवढ्यात कुंपणावर पाल्केचं डोकं दिसलं.

"मोइन, फोल्कर्ट."

"मोइन!" फोल्कर्ट माझ्या आवाजावर ओरडला. मी तिथल्या तिथे धडधडत होते आणि माझ्या हँडलवर कुणाचाच हात नव्हता.

पाल्केची नजर माझ्या हँडलवर आली. सुतळीवर आली. तिथे थांबली. मी बघितलं ते, शपथेवर सांगते. त्याच्याकडेही माझ्याच जातीची मशीन आहे. ती सळई कशासाठी असते हे त्याला पाठ आहे. मला वाटलं, आता हा बोलेल. बोल रे बाबा, बोल! त्यानं मनगट वर केलं आणि घड्याळावर बोट ठेवलं.

"एकला सात मिनिटं कमी आहेत."

"माहितीये, माहितीये! एवढी एक पट्टी राहिलीये!"

"नाही, आपलं आठवण केली. नियम सगळ्यांना सारखा."

एवढं बोलून तो तिथेच उभा राहिला, एक वाजायची वाट बघत.

फोल्कर्टनं मला रेटलं. ओल्या गवताचा लगदा पोटात गच्च बसला, पातं आतल्या आत घरघरायला लागलं. आता मला बंद करायचं तर गाठ सोडावी लागणार, मग पुन्हा सुरू करायला कोण जाणे किती वेळा दोरी ओढावी लागणार, आणि तोवर एक वाजणार. म्हणून तो खाली वाकला. त्यानं माझी मागची झडप उचलली. मी जिवाच्या आकांतानं धडधडत होते. मला थांबायचं होतं हो! माझ्या अंगात थांबायची सोय होती आणि ती बांधलेली होती! खोपटाच्या दारातून विबकेबाई किंचाळल्या, "फोल्कर्ट! हात!" पण माझ्या आवाजात त्याला ते ऐकूच गेलं नाही. त्यानं डावा हात आत घातला.

पुढचं मी सांगणार नाही. बाई कुबडीवर धडपडत आल्या. ओली गाठ त्यांना सुटेना. मग त्यांनी कुबडीच्या टोकानं माझ्या प्लगची टोपी उडवली आणि मी एकदाची गप्प झाले. फोल्कर्ट गवतात बसून आपल्या हाताकडे बघत होता. तेवढ्यात चर्चच्या घड्याळात एकचा टोला पडला. शांततेची वेळ अगदी बरोबर पाळली गेली.

डाव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरं गेली. डॉक्टरांना ती जोडता आली नाहीत. केस कापणारा कात्री उजव्या हातात धरतो, पण केस पकडतो ते डाव्या हाताच्या त्याच दोन बोटांत. आणि दवाखान्यात फोल्कर्टनं काय सांगितलं असेल? "मशीननं हात ओढला." मी कुणाचा हात ओढत नाही! तेव्हापासून मी बोटं खाणारी ठरले.

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली. पाल्के आणि समितीतली आणखी दोन माणसं आली. मी तशीच गवतात पडले होते, अंगावर सुतळी तशीच. विबकेबाई बाकावर बसल्या होत्या. पाल्केनं टोपी काढली.

"फार वाईट झालं, फ्राउ हार्म्स. गवताकडे आम्ही या वेळी बघणार नाही. जागा तुमचीच राहील. आणि खरं सांगू का, ऑपरेशनचं कारण सांगून मुदत मागितली असती, तर महिनाभर दिली असती की आम्ही."

"महिनाभर," बाई म्हणाल्या.

"अर्थात! आम्ही काय राक्षस आहोत का?" मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे धूड मात्र वसाहतीतून हलवा. हात ओढते म्हणे. उद्या आणखी कुणाचं काही झालं तर?"

बाई उठल्या. कुबडी टेकत माझ्यापाशी आल्या आणि सुतळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पाल्के, ही सुतळी काल तुम्हाला दिसली होती?"

पाल्केनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"विचारतेय मी. दिसली होती का?"

"दिसली होती."

"मग?"

"मला वाटलं… एकच्या आत आटपेल."

सोबतची दोन माणसं जमिनीकडे बघायला लागली. बाईंचा आवाज चढला नाही. "कुंपणावरून माझ्या गवताची उंची दिसते तुम्हाला. सुतळी दिसते. घड्याळ दिसतं. माझ्या पोरीच्या नवऱ्याचा हात तेवढा दिसला नाही." त्यांनी एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि सुतळी कापली. माझी सळई टणकन उसळून मोकळी झाली. "मशीन इथेच राहील. फोल्कर्टला मी सांगेन काय सांगायचं ते. त्याला बूट घालायला आणि गवत वाळेपर्यंत थांबायला लावलं नाही, ते माझं मला आयुष्यभर पुरेल. पण उरलेलं गवत येत्या शनिवारी तुम्ही कापणार आहात. माझ्या मशीननं. मी शेजारी उभी राहणार. बूट घालून या."

पाल्केनं टोपी डोक्यावर घातली आणि तो फाटकाबाहेर पडला. उद्या शनिवार आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. हिवाळ्यात तेल लावायला विसरलात तरी मी कुरकुर करणार नाही. पण मला थांबायची जी सोय दिली आहे ती कधी बांधू नका, आणि मी फिरत असताना माझ्याजवळ हात आणू नका. आणि दुसरं कुणी असं करताना तुम्हाला दिसलं, तर कुंपण तुमचं की त्याचं, वेळ कुठली, नियम काय, हे बघत बसू नका. ओरडा.